आगकाड्या, खडू आणि हलणारी चित्रे

जपानी कार्टून मालिका आपल्या विद्यार्थ्यांना चांगल्याच ठाऊक असतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तर जपान हे नाव कारखान्यांमुळे मोठ्यांच्याही बोलण्यात असते. या कार्टूनकलेचा आरंभ पाहू लागलो की आपण लवकरच नाशिकला येऊन पोहोचतो. ते कसे, हे पाहू.

जपानमध्ये 1917 साली शिमोकावा ओतेन, कोउची जुन्इची आणि कितायामा सेइतारो या तिघांनी स्वतंत्रपणे कार्टूनपट काढले. शिमोकावा हे व्यंगचित्रकार. त्यांनी सुरुवातीला फळ्यावर खडूने चित्र काढायचे, त्याचे छायाचित्र घ्यायचे, थोडे पुसून पुन्हा काढायचे, अशी रीत वापरली, असे सांगतात. आपल्या वर्गातलेच साहित्य!

आता आपल्याकडे पाहू. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थांबूनथांबून एकेक चित्र घेतले. पडद्यावर दाणा मिनिटभरात अंकुरून वेल झाला. तो पाहूनच पहिल्या चित्रपटासाठी त्यांना कर्ज देणारे पुढे आले. पुढे 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यात काड्या हलत होत्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्येच काड्या हलवून दाखवल्या होत्या. म्हणजे कल्पना जुनी होती, ती आपल्याकडे करून पाहणे नवे होते.

खडू, वाटाणा आणि काडी यांमागचे तत्त्व एकच आहे. सेकंदाला 16 चित्रे दाखवली, तर मिनिटाला 960 होतात. थोड्याथोड्या फरकाची चित्रे भराभर समोर आली की मेंदू त्यांतून सलग हालचाल जुळवतो. तीस दिवसांच्या वाढीचा एक मिनिटाचा पट हवा असेल, तर रोज 32 चित्रे, म्हणजे दर 45 मिनिटांनी एक, घ्यावे लागेल.

मग ‘पहिला’ कोण? येथे इतिहासाची अडचण सुरू होते. 1923 च्या भूकंपात आणि आगीत तोक्योतील बरेच जुने चित्रपट गेले. कोउची यांच्या ‘नामाकुरा गाताना’ (बोथट तलवार) या 1917 च्या चित्रपटाची प्रत ओसाकात जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली व 2008 मध्ये प्रकाशात आली. फाळक्यांच्या आगकाड्या मात्र हरवल्या त्या हरवल्याच. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये स्थापन झाले, तोवर फाळक्यांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या. जुनी नायट्रेट फीत सहज पेटते. 2003 मध्ये त्याच शहरात आग लागून प्रभातच्या काळातील फितीही जळाल्या. जे जपले जाते, त्यावरच पहिलेपणाचा निवाडा होतो.

वर्गात वाटाण्याचा हा प्रयोग मोबाइलवर सहज होईल. एवढेच सुचवावेसे वाटते की त्यावर तारीख घाला, करणाऱ्यांची नावे लिहा आणि एक प्रत शाळेत ठेवा.