एका स्लिपरची गोष्ट

दोन पावसाळ्यांपूर्वी राजमाचीच्या ट्रेकवरून येताना मी एक गुन्हा केला. वाटेकडेला पांढऱ्या फुलांची, जमिनीवर उगवणारी ऑर्किड्स दिसली (आपल्याकडे त्यांना आमरी म्हणतात). त्यातलं एक कंदासकट उपटलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. कुंडी नवी, खत एकदम भारीतलं. पंधरा दिवसांत पानं पिवळी, महिन्याभरात खेळ खलास.

पाणी जास्त झालं असेल, अशी मी समजूत घातली. पण डीबगिंगची सवय वाईट. कारण शोधत जो वाचत सुटलो, तो थेट इंग्लंडातल्या यॉर्कशायरला जाऊन पोचलो. माझे पूर्वज तिथे होऊन गेलेत. म्हणजे उपटणारे!

तिथल्या चुनखडीच्या डोंगरउतारांवर लेडीज स्लिपर नावाचं ऑर्किड वाढायचं. फुलाचा खालचा भाग पिवळाधमक, सपातेच्या पुढच्या टोकासारखा फुगीर. बाजूच्या पाकळ्या तपकिरी आणि पिळदार. हिवाळ्यात वरचं सगळं मरतं, जमिनीखालचं खोड बर्फाखाली झोपून राहतं आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. बागेसाठी याहून चांगलं झाड कोणतं, असं कुणालाही वाटेल. वाटलंच. लोक ते खणून नेत, सेटल गावच्या बाजारात विकत. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासकही मागे नव्हते, त्यांना वहीत दाबून ठेवायला नमुने हवे असत. शेवटी 1917 मध्ये हे ऑर्किड ब्रिटनमधून नामशेष झालं असं मानलं गेलं.

आता खरी गोम. खणून नेलेली काही झाडं बागेत जगतही. पण त्यांची पोरंबाळं होत नसत. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, आत अन्नाची शिदोरी जवळजवळ नाहीच. मग ते रुजतं कसं? हे कोडं 1899 मध्ये नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने सोडवलं: मातीतली एक बुरशी बियात शिरते आणि तिच्याकडून रोपाला अन्न मिळतं. म्हणजे आपण झाड आणतो, त्याचं अख्खं बिऱ्हाड मागेच राहतं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं.

इकडे 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये लेडीज स्लिपरचं एक झाड सापडलं. एकच! जागा कुणाला सांगायची नाही असं ठरलं. नंतरच्या काळात तर फुलोऱ्याच्या दिवसांत पहारा बसू लागला. 1983 मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्सने बियांपासून रोपं करण्याचा प्रकल्प हाती घेतला. पिकलेलं बी काही केल्या रुजेना. हाताने परागीकरण करून हिरव्या, कच्च्या शेंगांमधलं बी घेतलं तेव्हा जमलं. 1989 पासून रोपं रानात लावायला सुरुवात झाली. त्यातल्या एकाला पहिलं फूल कधी आलं माहितीये? 2000 साली. अकरा वर्षं! आमच्या धंद्यात तेवढ्या काळात माणूस चार कंपन्या बदलतो.

आज थंड देशांत प्रयोगशाळेत वाढवलेली संकरित स्लिपर रोपं नर्सरीत सरळ विकत मिळतात. लावायची तऱ्हा वाचून मी खजील झालो. पानं सुकल्यावर, झाड झोपेत असतानाच हलवायचं. मुळं ठिसूळ असतात, ती मोडू न देता आडवी पसरायची. डोळा मातीच्या अगदी किंचित खाली. पाणी साचता कामा नये. आणि खतांचा मारा करायचा नाही.

मी भर पावसाळ्यात, फुलावर असताना उपटलं, वर मूठभर खत घातलं. आमची आमरी वेगळी, हवामान वेगळं, हे कबूल. पण एकही गोष्ट धड केली नव्हती.

यंदा पुन्हा राजमाचीला गेलो होतो. ती वाट सापडली, पांढरी फुलंही होती. फोटो काढले आणि पुढे निघालो. घरच्या कुंडीत आता आईने कढीपत्ता लावलाय, तो मात्र जोरात आहे.