रोबोच्या डोळ्यामागची केबल

१९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यांत्रिक हात कामाला लागला. डाय-कास्टिंगच्या साच्यातून निघणारे तापलेले सुटे भाग उचलायचे, हे त्याचं काम. हा हात आंधळा होता. वस्तू ठरल्या जागी असेल तरच हाती लागणार.

रोबोला दृष्टी कशी मिळाली, ही गोष्ट आपण बहुधा कॅमेरे आणि कॉम्प्युटरच्या बाजूनं ऐकतो. माझ्या मते ती केबलच्या बाजूनंही ऐकायला हवी. कारण कॅमेरा कुठे बसवता येईल, हे बऱ्याचदा केबलच ठरवते.

जनरल मोटर्सच्याच संशोधकांनी १९७९ साली ‘कॉनसाइट’ ही पद्धत मांडली. कन्व्हेयर बेल्टवर प्रकाशाची रेघ पाडायची, वरून कॅमेऱ्यानं तिचा तुटलेपणा टिपायचा आणि बेल्ट किती सरकला ते मोजत पुढे उभ्या रोबोला जागा कळवायची. इथे डोळा एकीकडे, हात दुसरीकडे. कॅमेरा हलतच नाही, त्यामुळे त्याची केबल एकदा बांधली की झालं.

खरी पंचाईत कॅमेरा रोबोच्या मनगटावर चढवल्यावर होते. नेहमीच्या औद्योगिक रोबोला सहा सांधे असतात. मनगटावरची केबल पायथ्यापर्यंत यायची, तर तिला जवळजवळ प्रत्येक सांध्यापाशी कुठे वाकावं, कुठे पिळवटून निघावं लागतं. वाकणं आणि पिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रांवर खडखडत पुढेमागे होणारी केबल-चेन केबलला एकाच दिशेनं वाकवते. त्या चेनसाठी उत्तम ठरलेली केबल रोबोच्या मनगटाशी टिकेलच असं नाही. पिळानं आतल्या बारीक तारा एकमेकींवर घासतात, आवरणाखालची शिल्डची जाळी तुटायला लागते. बाहेरून केबल नवीकोरी दिसते!

आणि ती एकदम मरत नाही, हे सगळ्यात वाईट. हात एका विशिष्ट कोनात गेला की चित्र गायब, परत आला की ठीक. मग दोष कधी सॉफ्टवेअरवर, कधी लाइटवर आणि शेवटी ऑपरेटरवर. शिफ्टचं उत्पादन गेलेलं असतं आणि सुपरवायझरसमोर उत्तरं देत उभा असतो तो माणूस, ज्यानं केबल निवडलेलीच नसते.

पुढे चित्र डिजिटल झालं, तेव्हा अंतराचा प्रश्न आला. २००० साली आलेलं ‘कॅमेरा लिंक’ वेगवान होतं, पण सव्वीस पिनांचा कनेक्टर, जाड केबल आणि मर्यादा सुमारे १० मीटरची. मनगट ते पायथा, तिथून ट्रेमधून पॅनेलपर्यंत एवढं अंतर सहज होतं. २००६ साली ‘गिग-ई व्हिजन’ आलं. साध्या इथरनेटवर १०० मीटरपर्यंत चित्र जाऊ लागलं, पुढे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळू लागली. मनगटावरून एक केबल कमी झाली. ऑफिसातला प्लास्टिकच्या खिट्टीचा कनेक्टर मात्र हादऱ्यांत सैल होतो, म्हणून कारखान्यात स्क्रूनं आवळायचा गोल एम१२ वापरतात.

केबल्सची आखणी कागदावर असताना करायची ती यासाठीच. हात सर्वात लांब पोहोचतो तिथपर्यंत लांबी धरायची, सांध्यापाशी ढील सोडायची, पण लोंबती नाही, नाहीतर ती फिक्स्चरमध्ये अडकते. मोटरच्या केबल्सपासून कॅमेऱ्याची केबल दूर न्यायची; ओलांडावीच लागली तर काटकोनात. सर्वो ड्राइव्हच्या झटपट चालूबंदीचा गोंगाट चित्राच्या सिग्नलमध्ये शिरतो.

अनुभवी माणसं आणखी एक करतात. केबल दोन तुकड्यांत घेतात, जोड रोबोच्या पायथ्याशी. खालचा तुकडा ट्रेमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. वरचा, हातासोबत फिरणारा, झिजणारच असं धरून त्याचा एक जादा नग पहिल्याच ऑर्डरीत मागवून स्टोअरमध्ये ठेवतात.