एक मिनिट पंचावन्न सेकंद

शनिवार, ३१ ऑगस्ट २०१३. शांघायच्या बाओशान जिल्ह्यातला वेंग्स कोल्ड स्टोरेज हा मासळी स्वच्छ करून गोठवण्याचा कारखाना. शीतकरणासाठी इथे अमोनिया वापरतात. आज सकाळी १०.५० वाजता तो बाहेर पडेल आणि १५ माणसांचा जीव घेईल.

तीन वर्षं आधी: २३ ऑगस्ट २०१०, सकाळी ९च्या सुमारास

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, थिओडोर इथल्या शीतगृहात आदल्या दिवशी सात तासांहून अधिक काळ वीज नव्हती. यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावर अडचणी येतात. त्या शोधताना ऑपरेटर अलार्म रिसेट करतो. त्यामुळे डीफ्रॉस्ट, म्हणजे थंड नळ्यांच्या कॉइलवरचा बर्फ गरम वायूने काढण्याचं काम, अर्धवट सुटतं. कॉइलमध्ये गरम, दाबाखालचा वायू असतानाच थंड द्रव अमोनिया आत येतो. वायू क्षणात आकसतो, मोकळ्या झालेल्या जागेत द्रव वेगाने आदळतो आणि छतावरचा १२ इंची पाइप फुटतो. ३२,१०० पौंड, म्हणजे सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडतो. या अपघातातले धडे सांगणारी अमेरिकी तपासयंत्रणेची पुस्तिका येईल ती जानेवारी २०१५ मध्ये.

८९ दिवस आधी: ३ जून २०१३, सकाळी ६ नंतर

चीनच्याच जीलिन प्रांतात, देहुईच्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात आग लागते. आगीच्या उष्णतेने अमोनियाच्या यंत्रणेत स्फोट होतो. १२१ जण दगावतात. अमोनिया वापरणाऱ्या कारखान्यांकडे देशभर लक्ष वेधलं जातं. शांघायमधलं काम चालू राहतं.

रोज

कॉम्प्रेसर चालतो तेव्हा अमोनियाबरोबर थोडं तेलही पुढे जातं. ऑइल सेपरेटर त्यातलं बरंचसं अडवतो, सगळं नाही. खनिज तेल अमोनियात जवळजवळ विरघळत नाही आणि द्रव अमोनियाहून जड असतं. त्यामुळे ते तळाशी साचतं आणि थंडीत घट्ट होतं. कॉम्प्रेसरमध्ये वरून जेवढं तेल घालावं लागतं, त्यातलं गळतीने गेलेलं सोडलं तर बाकीचं यंत्रणेतच कुठेतरी बसलेलं असतं. ते वेळच्या वेळी ड्रेन करावं लागतं.

कॉइलला आतून तेलाचा थर चढतो, बाहेरून बर्फाचा. दोन्ही उष्णता अडवतात. पाणी सोडलं तर बाहेरचा बर्फ निघतो. कॉम्प्रेसरकडून आलेला गरम अमोनिया कॉइलमध्ये सोडला तर बर्फही निघतो आणि पातळ झालेलं तेलही पुढे ढकललं जातं. हॉट गॅस डीफ्रॉस्टचा हा मोठा फायदा.

त्याला शिस्त मात्र कडक लागते. आधी द्रवाचा पुरवठा बंद करायचा. मग कॉइलमधला द्रव काढून घ्यायचा, त्याला वेळ द्यायचा. गरम वायू हळूहळू सोडायचा. शेवटी दाबही हळूहळूच उतरवायचा. यातली कुठलीही पायरी घाईत उरकण्याजोगी नाही.

बाओशानच्या या कारखान्यात पाण्याने डीफ्रॉस्ट करण्याची सोय नाही. गरम अमोनियाने डीफ्रॉस्ट कसा करायचा याची लेखी कार्यपद्धतीही नाही.

३१ ऑगस्ट २०१३, सकाळी ८.०० च्या सुमारास

कामगार येऊ लागतात. त्यात तात्पुरते घेतलेलेही आहेत. आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, हे त्यांना सांगितलेलं नाही. अमोनियाची यंत्रं आणि पाइप जिथे आहेत, त्याला लागूनच माणसांची कामाची जागा आहे.

१०.४०

गोठवण यंत्राच्या भागात सुमारे २४ जण. मासळी निवडण्या-आवरण्याच्या विभागात ३८.

१०.४५ च्या सुमारास

कॉम्प्रेसर रूममधला ऑपरेटर व्हॉल्व्हपाशी जातो आणि गोठवण यंत्राचा हॉट गॅस डीफ्रॉस्ट सुरू करतो. व्हॉल्व्हची मांडणी अशी आहे की ते फिरवताना डीफ्रॉस्टसाठी महत्त्वाची मापकं त्याच वेळी पाहता येत नाहीत.

यंत्राच्या आसपासचे लोक काम करतच आहेत.

१०.४८.२०

कॅमेऱ्याच्या चित्रणात पहिला हादरा दिसतो. सौम्य आहे. त्यामागून आणखी येतात. एकूण सुमारे सात, एकेक १ ते ६ सेकंदांचा. पाइपमध्ये द्रव आदळतो आहे. थिओडोरमध्ये आदळला होता तसाच.

काम थांबत नाही.

१०.५०.१५

वायू परत नेणाऱ्या हेडरच्या, म्हणजे मुख्य पाइपच्या, उत्तर टोकाला ते बंद करणारी एंड कॅप वेल्ड केलेली आहे. त्या वेल्डमध्ये गंभीर दोष आहे. थंडीने ठिसूळ झालेला सांधा तुटतो आणि कॅप निखळते.

पहिल्या हादऱ्यापासून १ मिनिट ५५ सेकंद झाले आहेत.

१०.५० नंतर

द्रव अमोनियाचा वायू झाला की तो सुमारे ८५० पट जागा व्यापतो. हवेत दहा लाखांत ३०० भाग अमोनिया असला तरी तो जिवाला धोकादायक मानतात. पाण्यात तो चटकन विरघळतो, म्हणून शरीरात जिथे ओल असते तिथेच आधी पोचतो: डोळे, घसा, फुप्फुसं. कारखान्यात आपत्कालीन बचावाची आवश्यक साधनं नाहीत.

१५ मृत. ७ गंभीर जखमी. १८ किरकोळ जखमी.

त्यानंतर

सरकारी तपास दोन थेट कारणं नोंदवतो: नियम मोडून केलेला हॉट गॅस डीफ्रॉस्ट आणि सदोष वेल्ड. त्याखाली लांब यादी आहे. जागेच्या वापरात परस्पर केलेले बदल. प्रमाणपत्राविना कामावर असलेली माणसं. धोक्याच्या पाट्या नाहीत. या यादीतली एकही गोष्ट ३१ ऑगस्टच्या सकाळी नव्याने घडलेली नव्हती.

पुढे चीनमध्ये अमोनिया वापरणाऱ्या कारखान्यांसाठी नियम आला: जलद गोठवणीचं यंत्र स्वतंत्र खोलीत असावं आणि त्या खोलीत काम करणारी माणसं ९ पेक्षा जास्त नसावीत.