काळशेपीचे बारसे

१८३१ साली लंडनमध्ये एका दख्खनी जनावराचे बारसे झाले. जनावर म्हणजे आपला चिंकारा. उंचीला दोन फुटांहून थोडा अधिक, अंगाने तांबूस, शेपटी काळी व सदा हलणारी. लोक त्याला सरसकट हरीण म्हणतात. पण चितळ-सांबरांची शिंगे दरसाल गळतात, याची मात्र गाईसारखी पोकळ आणि जन्माची.

बारसे करणारे गृहस्थ कर्नल विल्यम साइक्स. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने १८२४ साली त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करण्यास नेमले. पुणे, नगर, खानदेश, धारवाड हा मुलूख त्यांनी पिंजून काढला. पिके, बाजारभाव, मजुरी यांची टिपणे करता करता पशुपक्ष्यांचीही यादी केली. मजुरीचे आकडे लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला थोडे ममत्व वाटते, हे लपवीत नाही.

त्या यादीत मराठ्यांचे नाव म्हणून ‘कालसीपी’ असा शब्द असून ‘काळ्या शेपटीचा’ असा अर्थ दिला आहे. मला त्यात सरळ ‘काळशेपी’ ऐकू येते. साहेबांना तो कुणा मराठी तोंडूनच कळला असणार. परंतु शास्त्रीय नावात काळशेपीला जागा मिळाली नाही. नाव पडले ‘अँटिलोपी बेनेटी’. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाचे चिटणीस एडवर्ड टर्नर बेनेट यांच्या मानार्थ. चिटणिसाचा मान होण्यास माझी हरकत असण्याचे कारण नाही, मी स्वतः तेच काम करतो! पण शास्त्राचा नियम असा, की जे नाव वर्णनासह आधी छापले जाईल तेच कायम. गुराख्यांच्या तोंडचे नाव कितीही जुने असो, छापखान्यात गेले नाही तर ते हिशेबात धरत नाहीत.

बोलीतली नावे तशी निसरडीही असतात. १८२५ साली हार्डविक यांनी चौशिंग्याचे वर्णन ‘चिकारा’ या नावाने छापले. तेच नाव दुसरीकडे या काळशेपीचे!

पुढे हा प्राणी ‘गॅझेला’ या प्रजातीत गेला. आज ‘गॅझेला बेनेटी’ असे लिहून पुढे ‘साइक्स, १८३१’ कंसात घालतात. कंसाचा अर्थ इतकाच, की प्रजाती बदलली. नाव ठेवणारा तोच. कारखान्यात खाते बदलले तरी कामगाराची भरतीची तारीख बदलत नाही, तसे हे.

मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे स्वतंत्रपणच गेले. अरबस्तानाकडील डोंगरी गॅझेलाची ही एक पोटजात, असे ठरले. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. पोटजात म्हटली, की दख्खनचे कळप संपले तरी जात दूर कुठे तरी शिल्लक आहे, असे कागदावर म्हणता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात चिंकाऱ्याला पुढे घातले गेले, तेही या पोटजातीच्या नावानेच. १९८० नंतरच्या दशकात गुणसूत्रे तपासली तेव्हा दोघांचा हिशेब जुळेना, आणि साइक्स यांची जात पुन्हा स्वतंत्र मानली गेली.

१९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले. विस्तार सुमारे पाच चौरस किलोमीटर. काळशेपी ती हद्द ओलांडून भोवतालच्या पडीक माळांवरही चरते.