जात्यावरची वारी

आज आपण फिरण्याच्या हौसेबद्दल बोलू. लेकरू लहान आहे, सासूबाई अंथरुणावर आहेत, दावणीला दुभतं जनावर आहे. पाय घरात अडकलेत, पण जीव मात्र बाहेर धाव घेतो. हे आपल्यापैकी कितीजणींचं रोजचं दुखणं आहे. आपल्या आज्या-पणज्यांचंही हेच दुखणं होतं. त्यांनी ही हौस मरू कशी दिली नाही, त्याचा हा इतिहास.

आपला मावळ म्हणजे वाटेवरचा मुलूख. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल बोरघाट चढून देशावर यायचा. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेच्या आसऱ्यानं कार्ला, भाजे, बेडसे इथली लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ आहे. धेनुकाकट गावचे यवनही आहेत. काही बायकाही आहेत. बेडशाला पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका या महारठिणीचं नाव वाचायला मिळतं. पण ही दान देऊ शकणाऱ्या घरांतली माणसं. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईचं नाव दगडावर कुणी कोरलं नाही.

पुढं आगीनगाडी आली. बोरघाटातल्या रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी घाट चढून आली. त्यासाठी 25 बोगदे खोदले. हजारो मजूर खपत होते, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायाही त्यांत होत्या. कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका आपल्या नावावर चालवून काम तडीला नेलं. सात समुद्र ओलांडून आलेली ती बाई इतिहासात नावानिशी राहिली. पाट्या वाहणाऱ्या बायांची नावं कुठं सापडत नाहीत.

म्हणजे बघा, व्यापारी गेले, पलटणी गेल्या, रेल्वे गेली, 2002 पासून द्रुतगती मार्गावरून मोटारी सुसाट जाताहेत. जग आपल्या दारावरून जात राहिलं आणि दारात उभी असलेली बाई ते बघत राहिली. तिची वाट ठरलेली होती. सासर ते माहेर, घर ते शेत, घर ते पाणवठा. माहेरी जायचं तरी भाऊ न्यायला यायला हवा आणि सासरच्यांनी होकार द्यायला हवा.

आता पंढरीची वारी घ्या. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघते, आळंदीहून माउलींची. दोन्ही गावं आपल्याला लागूनच. पण आपला मावळ भाताचा. पालख्या निघतात तेव्हाच आपल्याकडं पाऊस धरतो आणि लावणीची घाई सुरू होते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाईला वारीला कोण सोडणार? घरातला एखादा जाणता पुरुष जायचा, नाहीतर कामातून मोकळी झालेली म्हातारी जायची. बाकीच्या बायका वारीहून आलेल्याच्या पाया पडायच्या, बुक्का कपाळाला लावायच्या आणि वाटेची हकिकत विचारायच्या.

ती हकिकत मग जात्यावर यायची. पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, दोघीजणी जात्याला समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं साथ द्यायची. खुंटा गोल फिरायचा, बाई जागची हलायची नाही, पण ओवी मात्र पंढरीला जायची. कधी आईबापाला बरोबर घ्यायची, कधी भावाला. चंद्रभागेत अंघोळ करायची, विठ्ठलाशी भांडायची, रुक्मिणीशी सुखदुःखाचं बोलायची. सासवड, जेजुरी, फलटण, वाखरी ही वाटेवरची गावं जिनं कधी पाहिली नाहीत, तिलाही ती ऐकून ठाऊक असायची. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईचा भूगोल असा कानानं शिकलेला होता. घाटातली आगीनगाडी ओवीत आली, मोटार आली, भाऊ पोटासाठी गेला ती मुंबईसुद्धा आली.

संत जनाबाईची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. नामदेवांच्या घरी ती दळणकांडण करायची. विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागायचा, असं परंपरा सांगते. जिला देवाकडं जायला सवड नाही, तिच्याकडं देवालाच यावं लागलं. ही गोष्ट बायकांनी इतकी जपली, त्यात नवल ते काय?

आणि आपल्या नदीकडं बघा. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. ज्या पाण्यात आपण धुणं धुतो, त्याची वाट पंढरीच्याच दिशेनं जाते.

या ओव्या वाऱ्यावर विरून गेल्या असत्या. गी पॉइतवॅ हे मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन राहिले. ते आणि हेमाताई राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम केलं. तेव्हा त्यांना उमगलं की सभेत तोंड न उघडणारी बाई जात्यावर मनातलं सगळं बोलते. मग त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी ओव्या ऐकून लिहून घेतल्या, काही ध्वनिमुद्रित केल्या. एक हजारांहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढं 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांपुढं आणल्या. दगडावर जिचं नाव कोरलं नाही, तिच्या ओवीबरोबर आता तिचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘आमच्या आज्या घरात बसूनच सुखी होत्या, जात्यावरच त्यांची पंढरी होती,’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. ज्याला खरंच काही नको असतं, तो पहाटे उठून त्याच्याच ओव्या गात नाही. त्या ओव्यांत सुख होतं तशी तक्रारही होती. ‘मलाही जायचंय’ हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून ते जात्याला सांगितलं. ही मागणी त्यांनी सुनेकडं दिली, लेकीकडं दिली, आणि ती आपल्यापर्यंत आली.

आता जातं कोपऱ्यात गेलंय. दळण गिरणीत जातं आणि जातं फक्त लग्नाची हळद दळायला बाहेर निघतं. त्याच्याबरोबर ओव्याही चालल्यात. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजींना बोलवा, त्यांच्या ओव्या मोबाइलमध्ये भरून घ्या आणि वहीत त्यांचं नाव, गाव लिहा. कुठं जायचं राहून गेलं, तेही विचारा.

आणि दुसरं काम. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. लोकलनं मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला आणि एकवीरा आई. चैत्रात समुद्रकाठच्या कोळणी घाट चढून या आईच्या जत्रेला येतात. आपल्याला तर ती हाकेच्या अंतरावर आहे. लावणी उरकली की एक दिवस ठरवा. जिला लेकरामुळं किंवा आजारी माणसामुळं निघता येत नाही, तिचं घर त्या दिवशी कोण सांभाळणार, ते आधी ठरवा. तिलाच पहिली गाडीत बसवा. जी अगदीच येऊ शकणार नाही, तिच्याकडं संध्याकाळी सगळ्याजणी जा आणि वाटेतलं एकही वळण न गाळता सगळी हकिकत सांगा. पुढची ओवी तीच रचेल.