मॅजेंटाला राणी म्हणावं

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या नावात राणी आहे आणि सावरही. सावर म्हणजे काटेसावर, पानं गळाल्यावर लालभडक फुलणारं झाड. राणी हा तर साडीच्या दुकानात रोज मागितला जाणारा रंग. चाररंगी छपाईत यातल्या राणीशिवाय सावरीचा लाल उमटतच नाही.

या छपाईत लाल शाई नसते. सायन, मॅजेंटा म्हणजे आपला राणी, पिवळी आणि काळी एवढ्याच चार. सायन तांबडा प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. मॅजेंटावर पिवळी चढली की हिरवा आणि निळा दोन्ही अडतात, आणि डोळ्यापर्यंत तांबडा पोचतो. राणीसावरगावच्या रेणुकामातेचं चाररंगी छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं, तर कुंकवाच्या जागी याच दोन शायांचे ठिपके दिसतील. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्यांच्या शिळाछापखान्यात मात्र एकेका छटेसाठी वेगळा दगड लागे.

आता नावं पाहू. इटलीतल्या मॅजेंटा गावी १८५९ मध्ये लढाई झाली. त्याच सुमारास निघालेल्या नव्या कृत्रिम रंगाला तिचं नाव मिळालं. मराठीत त्यासाठी 'किरमिजी' सहज सुचतो. पण तो फारसीतून आलेला, किड्यापासून काढलेल्या गडद लाल रंगाचा शब्द. संस्कृत 'कृमी' त्याच कुळातला. किरमिजी छापायचा तर मॅजेंटात पिवळी मिसळावीच लागते. म्हणजे तो मिश्रणाचा रंग झाला, मूळ शाईचा नव्हे.

'सायन' ग्रीक 'क्यानोस'वरून आला. त्याचा अर्थ गडद निळा. छापखान्यातली सायन त्याहून उजळ असते. तिच्या रंगद्रव्यात तांबं असतं, आणि फवारणीच्या मोरचुदातही तांबंच. शेतकऱ्याला ती ओळखीची करून द्यायला मोरचूद पुरेसा आहे.

चौथ्या, काळ्या शाईची खूण 'के'. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते; बाकीच्या प्लेटा जिच्याशी जुळवायच्या, त्या 'की' प्लेटचं हे अक्षर. बाकीच्या तिन्ही शाया एकत्र आल्या तरी मळकट तपकिरीच उमटतो, म्हणून काळी वेगळी लागते. गंमत म्हणजे 'शाई' हा शब्दच फारसी 'सियाह'पासून, म्हणजे 'काळा'पासून आलेला.

छपाई शिकवताना आपण मॅजेंटाला राणी म्हणावं. साडी निवडणाऱ्या बाईला जी छटा नेमकी कळते, ती छपाई शिकणाऱ्या मुलालाही त्याच शब्दाने कळेल; आणि राणीत पिवळा मिसळला की लाल होतो, हे त्याला पाठ करावं लागणार नाही.