स्लाइसची जाडी (मेंदूचा एमआरआय)

एमआरआयमध्ये मेंदूचे चित्र ज्या थरांनी घेतले जाते, त्यांतील एका थराची मिलिमीटरमधील जाडी. नेहमीच्या तपासणीत ती 5 मिमी.च्या आसपास असते व दोन स्लाइसमध्ये थोडी गॅपही सोडतात. त्रिमितीय टी1 प्रतिमेत ती 1 मिमी.पर्यंत उतरते. गाठ किंवा मोठा पक्षाघात ओळखायला जाड स्लाइस पुरते. तोच मेंदू वर्षभराने पुन्हा मोजायचा असेल, तर पुरत नाही.

एकाच व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या सर्वात लहान घनात) करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूजल आले, की यंत्र त्यांची सरासरी दाखवते. मेंदूचे बाह्यक सरासरी अडीच मिमी. जाड, 5 मिमी.च्या स्लाइसमध्ये त्याची कड विरते. हिप्पोकॅम्पस जेमतेम 4 सेंमी. लांब. गॅप धरून तो सहा-सात स्लाइसमध्ये संपतो. पुढच्या खेपेला मान जराशी वेगळी कलली, तर टोकाची स्लाइस कधी मोजणीत येते, कधी निसटते. अल्झायमरमध्ये हा भाग वर्षाला 4 ते 5 टक्के आक्रसतो, निरोगी वृद्धांत एक-दीड टक्का. एवढा फरक त्या गोंधळात सहज बुडतो.

जपानमधील त्सुकुबा या विज्ञाननगराचा या विषयाशी संबंध अल्झायमरच्या औषधांमुळे येतो. तेथील एसाई कंपनीच्या प्रयोगशाळेत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने डोनेपेझिल शोधले (जपानमध्ये मान्यता 1999). ते घेणाऱ्यांना वारंवार एमआरआय लागत नव्हता. याच कंपनीच्या लेकानेमॅबला 2023 मध्ये जपानमध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटले: मेंदूची सूज व सूक्ष्म रक्तस्राव पाहण्यासाठी उपचार चालू असताना पुन्हापुन्हा स्कॅन करावे लागतात. पातळ स्लाइसमध्ये रक्तस्रावाचे ठिपके अधिक दिसतात. त्यामुळे मध्येच जाडी बदलली, तर जुनाच ठिपका नवा ठरून औषध थांबवण्याची वेळ येऊ शकते.

पातळपणाही फुकट मिळत नाही. सिग्नल व्हॉक्सेलच्या घनफळाच्या प्रमाणात असतो. इतर मापे तीच ठेवून 5 मिमी.ऐवजी 1 मिमी. घेतले, तर तो पाचव्या हिश्शावर येतो. तो भरून काढायला वेळ जातो, आणि विस्मृतीचा रुग्ण तेवढा वेळ स्थिर पडून राहीलच असे नाही. जाड प्रतिमा सॉफ्टवेअरने पातळ करता येते, पण न टिपलेला तपशील त्यात येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तो अंदाजाने भरते, आणि तो अंदाज इतरांच्या मेंदूंवरून शिकलेला असतो.

सर्व स्कॅन सारखेच जाड असणे हे मध्येच जाडी बदलण्यापेक्षा परवडते. जुना स्कॅन 5 मिमी.चा असल्यास नव्या भेटीत पातळ प्रतिमेसोबत जुन्या मापाची एक मालिकाही घ्यावी.